जीर्ण पुस्तकांची यादी

मॅडमची कादंबरी माझ्या कादंबरीनंतर सात महिन्यांनी आली. मला ती इतकी आवडली की पोटात दुखायला लागलं.

ताडकळसजवळच्या एका शाळेत आम्ही दोघं शिकवतो. स्टाफरूममध्ये टेबलं शेजारीशेजारी, डबा खाताना लोणच्याची देवाणघेवाण. मी वीस वर्षांपासून लिहितोय आणि ते सगळ्या शाळेला माहीत आहे, कारण मीच सांगत असतो. मॅडम लिहितात हे मात्र पुस्तक छापून आलं तेव्हाच कळलं. "सुट्टीत सहज लिहिलं, सर," त्या म्हणाल्या. त्या 'सहज'चा मला अजूनही राग येतो.

त्यात विषयही एकच. उद्याच्या कुठल्यातरी काळात माणसांच्या बोलण्यालिहिण्यावर पहारा बसतो, ही दोघांचीही गोष्ट. माझ्या कादंबरीत काळा मनोरा होता, त्यात काळ्या कोटातला अधिकारी, त्याच्यासमोर काळ्या शाईची दौत. चौकात पुस्तकांची होळी होती, काटे नसलेलं घड्याळ होतं. कशाचा अर्थ काय, हे वाचकाला कळावं म्हणून मी अकरा पानांचं मनोगतही जोडलं होतं.

मॅडमच्या कादंबरीत होती एक चाळणी. पीठ चाळायची, घरोघरी असते ती. गावात एक कचेरी असते, लोकांची पत्रं फोडून खाडाखोड करणारी. एके दिवशी कचेरी बंद होते. साहेब जाताना प्रत्येक घराला एकेक चाळणी देतो आणि म्हणतो, आता तुमचं तुम्ही बघा. पुढं कुणी कुणाला अडवत नाही, पण आई मुलीला अर्धंच सांगते, गुरुजी अर्धंच शिकवतात. वर राहिलेला कोंडा गुरांपुढं जातो. शेवटी त्या गावात खरं काय ते फक्त गुरांना ठाऊक असतं.

मी नाक मुरडलं. "मॅडम, चाळणीत भीती कुठंय?" असं तोंडावर विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "खरंय सर, तुमच्यासारखं जमलं नाही." घरी येऊन मी शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं, ती गुरं रवंथ करत बसलेली, आणि ते मला का सुचलं नाही म्हणून दोन दिवस बायकोशी नीट बोललो नाही.

गावच्या वाचनालयात दोन्ही पुस्तकांची एकेक प्रत होती. मी कार्यकारिणीत असल्यामुळे तिथं माझं जाणंयेणं. ग्रंथपाल साधा माणूस, मनात काही नसताना नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवणारा. "मॅडमचं बुक लय चालायलंय सर," तो म्हणायचा. "आलं की जायलंय. तुमचंबी हाय की वरल्या कप्प्यात." एकदा गिरणीवाल्या काकू हाताला पीठ तसंच घेऊन आल्या आणि त्यांनी तेच पुस्तक मागितलं. "आमच्याच घरातलं लिवलंय बाईनं," त्या मला सांगायला लागल्या. "मी वाचून जावेला दिलं, तिनं माहेरी नेलं. आता परत वाचायचंय." काकूंना मी बारा वर्षांपासून ओळखतो. माझं पुस्तक मी त्यांना भेट दिलं होतं, सही करून. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

वर्षाअखेरीस वाचनालयात जीर्ण पुस्तकं बाद करायची यादी होते. ती दरवर्षी मीच करतो, कारण दुसऱ्या कुणाला धूळ सोसत नाही. फाटकी, पानं सुटलेली, वाळवी लागलेली पुस्तकं बाजूला काढायची, दाखल क्रमांकापुढं 'जीर्ण' लिहायचं, सही करायची. मग ती रद्दीत जातात.

त्या दुपारी मॅडमचं पुस्तक हातात आलं. पुठ्ठा निघालेला, कोपरे दुमडून मऊ पडलेले, मधल्या पानांवर हळदीची बोटं. जीर्ण तर होतंच, कुणालाही दाखवलं असतं तरी त्यानं तेच म्हटलं असतं. खळ लावून दोन दिवस दाबाखाली ठेवलं असतं तर आणखी दोन वर्षं चाललं असतं, हेही मला दिसत होतं. शेजारी माझं पुस्तक होतं, कोरं करकरीत. मी क्रमांक लिहिला, पुढं 'जीर्ण' लिहिलं आणि सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

रद्दीत टाकवलं मात्र नाही. ग्रंथपालाची पाठ फिरताच ते पिशवीत घातलं, घरी कपाटात कपड्यांखाली ठेवलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितला.

मला वाटलं होतं, ते नाही म्हटल्यावर लोक माझं नेतील. लोक आले, विचारलं, "फाटलं, बाद झालं," असं ऐकून परत गेले. काकू तेवढ्या म्हणाल्या, "अगंबाई, आसं कसं?" आणि दळण थांबलंय म्हणून निघून गेल्या. आरडाओरडा नाही, अर्ज नाही, कुणावर संशय नाही. माझ्या कादंबरीत एक पुस्तक नाहीसं करायला मी मनोरा बांधला होता, शंभर शिपाई उभे केले होते.

तीनेक महिन्यांनी ग्रंथपाल नसताना मी वरच्या कप्प्यातून माझं पुस्तक काढलं. मागच्या चिठ्ठीवर तारखेचा एकच शिक्का होता. नोंदवही उघडून नाव शोधलं, तर मॅडमचं. माझं पुस्तक त्या वाचनालयातून नेणारं एकच माणूस होतं, आणि ते त्या होत्या. मी पानं उलटली. वह्या तपासताना त्या पेन्सिलीनं बारीक खुणा करतात, तशा शेवटच्या पानापर्यंत होत्या. चांगल्या वाक्यांखाली रेघा, तीन ठिकाणी 'छान'. मनोगताच्या अकरा पानांवरही त्या गेल्या होत्या. आणि काळ्या कोटातला अधिकारी पहिल्यांदा येतो तिथं समासात लिहिलं होतं, 'याला घर नाही का?'

मी खाली बसलो. घर होतं. कपाट होतं, त्यात कपड्यांखाली त्यांचं पुस्तक होतं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी, हाही प्रश्न त्यांनाच सुचावा म्हणून जळफळाटही झाला. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

रविवारी परभणीला जाऊन मी ते पुस्तक बांधून आणलं. नवा पुठ्ठा, कापडी पाठ. वाचनालयात दिलं आणि म्हणालो, "रद्दीतून मीच काढून घेतलं होतं." ग्रंथपालाला कोण आनंद झाला. "पन बाद झालेला नंबर परत चढवता येत न्हाई सर," तो म्हणाला. "देणगी म्हनून घिऊ. देनाऱ्याचं नाव तुमचंच टाकतो." मी नको म्हणेपर्यंत त्यानं लिहूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. सगळा स्टाफ डबे उघडून बसला होता. "सर, पुस्तक बाद झाल्याचं कळलं तेव्हा मी घरी जाऊन रडले होते," त्या म्हणाल्या. "वाचून फाटलं म्हणून समाधान करून घेतलं. तुम्ही ते रद्दीतून उचललं, बांधून दिलं. आपल्याच विषयावर लिहिणाऱ्याचं पुस्तक असं कोण जपतं?" त्यांचे डोळे भरून आले होते. हेडसरांनी तर टाळ्याच वाजवल्या.

ती यादी मी केली होती, मॅडम. एवढंच वाक्य होतं. तयारही होतं. सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते, आणि इतक्या वर्षांत त्या खोलीत माझ्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो आणि लोणच्याची बरणी त्यांच्याकडं सरकवली.

उरलेला कोंडा वरच राहिला. माझ्या दारात तर एक म्हैससुद्धा नाही.