पॅलिओला भगर चालते का?

माझा मुलगा हरसूलच्या घाटात रस्त्याच्या कडेला आडवा पडला होता. त्याची सायकल त्याच्या शेजारी आडवी पडली होती. आणि त्याचे कोच आसिफ सर माझ्यासमोर उकिडवे बसून विचारत होते, "मावशी, तीन दिवस याला काय काय खायला दिलं, एकेक करून सांगा."

"तुम्ही लिहून दिलं तेच," मी म्हणाले.

ते अगदी खरं होतं. अडचण तीच होती.

दिलीपचा चेहरा सोललेल्या दुधीसारखा दिसत होता. वय वर्षं सेहेचाळीस, अंगात तो घट्ट काळा पोशाख (त्यात माणूस कसा शिरतो आणि कसा निघतो, हे मी कधी विचारलं नाही), ओठ पांढरे, पायात गोळे. सरांनी पुढे केलेलं केळं त्याने ढकलून दिलं. म्हणे वास येतो. मग आभाळाकडे बघत म्हणाला, "आई, मला आपलं घर दिसतंय." घर तिथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतं.

सांगायला लाज वाटते, पण पोटचा पोरगा असा रस्त्यावर पडलेला असताना मला अर्धी काळजी त्याच्या जिवाची होती आणि अर्धी डब्याची. सरांनी आधीच बजावलं होतं की रविवारचा हा सराव नीट झाला नाही, तर सोमवारपासून दिलीपचं घरचं जेवण बंद. कॉलेज रोडला कोणी बाई खेळाडूंसाठी मोजूनमापून डबे करते, ते सुरू करायचे. दोन वेळचे. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात जेवणारं माणूस उरणार एकच, आणि ते मी.

आमच्या घरात आम्ही दोघंच असतो. सून पुण्याला नोकरी करते, नात तिच्यापाशी कॉलेजात आहे. पंधरा दिवसांनी येतात, दोन दिवस राहतात, जाताना फ्रिज रिकामा करून जातात, ते मला आवडतं. आमच्या यांना जाऊन पाच वर्षं झाली. हे होते तोवर रोज संध्याकाळी बाजरीची भाकरी. हे अडीच खायचे. उरलेली अर्धी माझ्या ताटात टाकायचे आणि म्हणायचे, तू स्वतःला वाढून घेत नाहीस. ते गेल्यावर दिलीप खायचा. बापासारखं बोलायचा नाही, पण ताटातून मान वर न करता विचारायचा, "आणखी आहे का?" तेवढं मला पुरत होतं.

मग त्याला कंपनीतल्या कोणी तरी ट्रायथलॉनचा नाद लावला. आधी पोहायचं. मग ओल्या अंगाने सायकलवर बसायचं. मग सायकल टाकून पळत सुटायचं. मागे पोलीस लागलेला माणूस एवढं करेल, हे मी समजू शकते. दिलीप हौसेने करतो. पहाटे गंगापूर धरणाच्या बाजूला पोहायला, तिथून त्र्यंबक रोडला सायकल. घरी आला की जिना चढताना मात्र कठडा धरतो.

तेवढ्यावर भागलं असतं. पण सहा-सात महिन्यांपूर्वी त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, "आई, आजपासून मी पॅलिओ. आदिमानव जे खायचा तेच खायचं."

मी विचारलं, "आदिमानवाला आई नव्हती का?"

"होती. पण तिच्याकडे तवा नव्हता."

धान्य नाही. डाळी नाहीत. दूध-दही नाही. साखर नाही, गूळ नाही. मटण, मासे, अंडी, भाज्या आणि फळं खायची. म्हणजे मटण आहे आणि भाकरी नाही! आमच्या घरात मटणाचा रस्सा चमच्याने प्यायला जाईल, सर्दी झालेल्याला काढा द्यावा तसा, हे मी बघेन असं वाटलं नव्हतं. मी स्वतःसाठी भाकरी करायला कोणी बंदी केली नव्हती. पण एका भाकरीचं पीठ परातीत घेतलं की ते इतकंसं दिसतं. दोनदा मळलं. एकदा खाल्ली. मग परात वर ठेवून दिली. संध्याकाळी सातच्या सुमाराला शेजारच्या शकूच्या घरातून थापण्याचा आवाज आला की मी टीव्ही मोठा करायचे.

शकूला मी सांगितलं की दिलीपने पॅलिओ धरलाय.

"धरलाय म्हणजे?" ती म्हणाली. "कोणाचं व्रत असतं ते?"

मी म्हटलं, व्रत नाही, तब्येतीसाठी आहे. धान्य चालत नाही, डाळ चालत नाही. शकूने मान हलवली आणि ज्या बाईने पन्नास वर्षं एकादश्या केल्यात तिने विचारायचा तो प्रश्न विचारला. "मग भगर चालते का?"

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. एवढं सोपं होतं! धान्य चालत नाही म्हणजे उपवास. उपवासाला काय चालतं ते मला पाठ आहे, त्याला आदिमानव कशाला पाहिजे? भगर चालते. दाण्याची आमटी चालते. रताळी चालतात. मी संध्याकाळी दिलीपला विचारलं. तो इंजिनिअर आहे. त्याने पाण्याचा घोट घेत विचार केला आणि म्हणाला, "भगर उपवासाला चालते, म्हणजे धान्य नाही. चालेल."

आता इथे मला माझाच कान धरला पाहिजे. माझं माहेर कळवणच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला. वरई मी शेतात उगवताना पाहिली आहे. कापली आहे, झोडपली आहे, कांडली आहे. कांडलेल्या वरईलाच भगर म्हणतात. काही लोक तर तिला सरळ वरीचे तांदूळ म्हणतात, नावातच तांदूळ! पण ती धान्य नाही, हे मला आईने सांगितलं होतं आणि आईला तिच्या सासूने. शेतात ती धान्य असते. एकादशीला नसते. असं का, हे आमच्यात कोणी विचारत नाही आणि विचारलं तर पोरं नास्तिक निघाली म्हणतात.

तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणाला भगर. भगरीवर मटणाचा रस्सा. (शकूने हे ताट पाहिलं तेव्हा तिने कानाला हात लावला. उपवासाचं अन्न आणि त्यावर बोकड! मी म्हटलं, देवाला कळवू नकोस.) बुधवारी अंड्यांबरोबर भगर, शुक्रवारी माशांबरोबर भगर. रस्सा भगरीत छान मुरतो. दिलीप दोनदा घ्यायचा. "आणखी आहे का" अजून म्हणत नव्हता, पण वाटी खरवडायचा. मी तेवढ्यावर आशा ठेवून होते.

आणि पोरगा पळायला लागला! सायकल अशी मारायचा की आसिफ सर थक्क. ते आपल्या सगळ्या चेल्यांना दिलीपचं उदाहरण द्यायचे. बघा, हा माणूस सहा महिने धान्याचा कण न खाता पंचविशीतल्या पोरांना मागे टाकतो. एकदा आमच्या घरी येऊन माझे आभारसुद्धा मानून गेले. मी चहा दिला. त्यांनी विचारलं, मावशी, तुमचं गुपित काय? मी म्हटलं, गुपित कसलं, साधं उपवासाचं जेवण. त्यांना वाटलं फळंबिळं असतील.

मग तो रविवारचा मोठा सराव ठरला. शर्यतीआधीची शेवटची परीक्षा. सरांनी मला कागदावर मराठीत यादी लिहून दिली आणि डब्यांच्या बाईचंही सांगून ठेवलं. म्हणाले, तीन दिवस यादीत असेल तेवढंच, बाहेरचं काही नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. लिहिलेलं मला वाचता येतं, आणि लिहिलेलं मी पाळते. यादीत भगर नव्हती. रताळंही नव्हतं. अंडी होती, कोंबडी होती, काकडी होती. तीन दिवस मी अंडी, कोंबडी आणि काकडी दिली. शनिवारी दिलीप भगरीच्या डब्याकडे बघत होता. मी झाकण घट्ट लावलं. माझं स्वयंपाकघर त्या एका कागदावर लटकलं होतं, मी कशाला एक दाणा जास्त टाकेन?

रविवारी मी हट्टाने सरांच्या गाडीत बसले. पाणी, टॉवेल, केळी घेऊन गाडी त्याच्या मागे मागे जाणार होती. दिलीप पोहला. हरसूलपर्यंत सायकल मारत गेला. तिथून वळला, घाट लागला आणि तिसऱ्या वळणावर सायकल हळू होत होत जिरली. बाकीचं मी वर सांगितलंच.

सर फोन करून डॉक्टरांना विचारत होते. डॉक्टर म्हणत होते, काही तरी गोड खायला घाला. आणि मला आठवलं की माझ्या पायाशी पिशवीत माझा स्वतःचा डबा आहे. त्या दिवशी माझी एकादशी होती. भगर आणि दाण्याची आमटी.

गोड नव्हती. पण मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि एक घास तोंडाशी नेला. वासाने त्याने डोळे उघडले. खाल्ला. दुसरा खाल्ला. चौथ्या घासाला तो उठून बसला आणि डबा माझ्या हातातून काढून घेतला. त्या घाटात, मुंग्यांच्या रांगेशेजारी बसून, माझा मुलगा बोटांनी भगर ओरपत होता. गाल भरलेले, आमटी हनुवटीवर. मान वर न करता म्हणाला, "आणखी आहे का?"

मी दुसरा कप्पा उघडला. माझे डोळे भरले होते, पण त्याचं कारण घाटातला वारा होता.

आसिफ सरांनी तोवर डब्यात डोकावलं. दोन दाणे बोटावर घेऊन उन्हात धरले.

"मावशी, हे काय आहे?"

"भगर."

"हे धान्य आहे."

"नाही. उपवासाला चालते."

"मावशी, याला टरफल असतं, हे शेतात येतं, हे दळलं तर पीठ होतं. हे धान्य आहे. आणि शेंगदाणा ही शेंग आहे, म्हणजे डाळींच्या घरातली. हे याला कधीपासून देताय?"

मी दिलीपकडे पाहिलं. तो आमटीकडे बघत होता. मग मी सगळं सांगितलं. रोज रात्री, सहा महिने, दोन वेळा वाढून. फक्त मागचे तीन दिवस नाही.

सर रस्त्यावरच बसले. सहा महिने ज्याचं उदाहरण देत होते तो माणूस सहा महिने रोज रात्री पोटभर धान्य खात होता, आणि ज्या तीन दिवसांत त्यांचं ऐकलं त्या तीन दिवसांत आडवा झाला. मग म्हणाले, "आमच्या रोज्यात पाण्याचा घोटसुद्धा नसतो. तुमच्या उपवासात जेवण असतं?"

"साधं जेवण नसतं," मी म्हटलं. "उपवासाचं असतं."

ते हसायला लागले. दिलीपही हसला आणि उठून उभा राहिला. वीस मिनिटांनी तो सायकलवर बसला आणि घाट चढून गेला. आम्ही मागून गाडी काढली. मला फार बरं वाटत होतं. झाडं गोल फिरतायत असं वाटलं, पण मला वाटलं घाटच तसा आहे. मी सकाळपासून पोटात काही घेतलं नव्हतं आणि माझ्या एकादशीचा डबा पोराने चाटूनपुसून संपवला होता.

त्र्यंबकच्या अलीकडे मी सीटवर कलंडले. सरांनी गाडी थांबवली, हाका मारून दिलीपला परत बोलावलं. दोघांनी मला झोपवलं, पदराने वारा घातला, दिलीपने ढकललेलं तेच केळं सोलून तोंडात कोंबलं. मी शुद्धीवर आले होते, पण डोळे मिटून पडून राहिले, कारण वर माझ्याच विषयी बोलणं चाललं होतं. सर म्हणत होते, डब्यांच्या बाईला नको म्हणून कळवतो. सहा दिवस माझी यादी, आणि लांब सायकलच्या आदल्या दिवशी मावशी देतील ते.

"भाकरी?" मी डोळे न उघडता विचारलं.

"भाकरी," सर म्हणाले.

आता शनिवारी भाकरी असते. आठवड्यातून एकदाच. बाजरीचं पीठ शिळं झालं की कडू होतं, म्हणून शुक्रवारी गिरणीत जाते. गुरुवारी बाजरी निवडते, तिला निवडण्यासारखं काही नसतं तरी. सोमवार, मंगळवार, बुधवार हे दिवस कशासाठी असतात ते मला कळेनासं झालंय.

त्या रविवारी हरसूलच्या रस्त्यावर आडवे झालेले आम्ही दोघंही जिवंत आहोत. दिलीप धरणात पोहून आणि सत्तर किलोमीटर सायकल मारून आडवा झाला होता. मी गाडीत बसून.