वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली अडकलेली फवारणीची सूचना

आज सकाळी सव्वानऊ वाजता मी महागावच्या आपल्या फेसबुक ग्रुपवर एक सूचना टाकली. काल आमच्या कपाशीवर फवारणी करताना आमच्याकडे कामाला असलेला देवराव चक्कर येऊन पडला. त्याला धड दिसत नाहीये, यवतमाळला दवाखान्यात आहे. म्हणून लिहिलं, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका आणि त्रास झाला तर औषधाचा डबा घेऊनच दवाखाना गाठा.

ॲडमिनने मंजूर केल्याशिवाय ग्रुपवर काही दिसत नाही. दुपारपर्यंत तिथे एका भाऊंच्या वाढदिवसाचे केकच केक होते. शेवटी ॲडमिनला फोन लावला.

"काकू, काहून घाई करून राह्यल्या? आज भाऊचा वाढदिवस हाय. ग्रुप पॉझिटिव्ह ठेवा लागते. उद्या टाकतो."

"अरे राजा, आज वाढदिवस आहे हे त्या विषाला कळवलंस का?"

त्याने मला ग्रुपमधूनच काढलं, म्हणून हे माझ्या वॉलवर लिहितेय. मी शिकले त्या ननच्या शाळेत सिस्टर आम्हालाही गप्प बसवत, पण आधी ऐकून घेत.

तुमच्यातले बरेच जण त्या ग्रुपवर आहात. तुमच्या घरचं कोणी फवारत असतं, तर उद्यापर्यंत थांबला असतात?

ॲडमिनसाहेब, सूचना का अडवली, याचं लेखी उत्तर उद्या सकाळी सहाच्या आत ग्रुपवर हवं. सहाला माणसं पाठीवर पंप चढवतात.