वहिनींचा डबा

आरव्ही, ते चाकांवरचं घर, चालवायची म्हणजे अख्खं स्वयंपाकघर पाठीवर घेऊन फिरायचं. मिशिगनहून निघालो तेव्हा मागच्या भांड्यांच्या खडखडाटानं पहिले दोन दिवस डोकं उठलं होतं. नंतर तो ऐकूच येईनासा झाला. जूनपासून माझं बऱ्याच बाबतीत तसंच झालं होतं.

जूनमध्ये बायको गेली. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. हार्ट. ही सेकंडहँड आरव्ही आम्ही दोघांनी हौसेनं घेतलेली, रिटायर झाल्यावर फिरायला. पहिली ट्रिप तिनंच आखली होती, मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायहून थेट ॲरिझोना, माझ्या कॉलेजच्या मित्राकडे. मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट कॅन्सल इट." म्हटलं, घरी बसून तरी मी काय दिवे लावणार आहे? निघालो. दुःख हलकं करायला वगैरे अजिबात नाही. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. लोक भेटायला येऊन रडायचे आणि मी टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवायचो.

जायला कारण एकच होतं. फ्रीझरमध्ये मुठीत मावेल एवढा एक स्टीलचा डबा होता. तो मित्राच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा. ते नोव्हायला आमच्या शेजारी राहायचे तेव्हा त्यातून लिंबाचं लोणचं आलं होतं. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, आणि हिनं तो भरायच्या आत त्या मंडळींनी ॲरिझोना गाठलं. नऊ वर्षं डबा आमच्याकडे पडून. अखेर या मे महिन्यात हिनं गराजमध्ये शेगडी मांडली, कारण घरात काही भाजलं की स्मोक अलार्म बोंब ठोकतो, आणि गोडा मसाला केला. डबा भरला, वर पांढरी टेप चिकटवून मार्करनं लिहिलं, 'तिचा आहे. हात लावू नका.' आमच्या घरात हात लावणारा दुसरा होता कोण?

घरातली मसाल्याची बरणी ऑगस्टमध्येच संपली होती. तिच्या हातचं आता एवढंच उरलं होतं. तो डबा वहिनींच्या हातात द्यायचा, एवढं एक काम माझ्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी ओक्लाहोमात मी त्याला हात लावला.

मला येऊन जाऊन एक खिचडी येते, तीही पिवळी, मिळमिळीत. आणि तोंड बघा माझं! चौतीस वर्षं हिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. पहिला घास घेतला की माझं ठरलेलं, "मीठ कमी आहे." तिचंही ठरलेलं, "घ्या वरून." न बघता, पोळी लाटता लाटता. मीही कधी घेतलं नाही. तर त्या खिचडीत म्हटलं अर्धा चमचा टाकू, वहिनींना काय कळतंय? टाकला. वास आला. खोबरं, तीळ, दगडफूल, आमचं गराज. मी दोन वेळा वाढून घेतलं.

मग रोजच. न्यू मेक्सिकोत दिवसभर समोर एकच डोंगर असायचा आणि तो काही केल्या जवळ यायचा नाही. दोन्ही बाजूंना माती, काटेरी झुडपं आणि कुंपणाच्या तारा. मी गाडी थांबवायचो, खिचडीत टाकायचो, मॅगीत टाकायचो, एकदा तर ब्रेडवर भुरभुरला. रडू येत नव्हतं, आठवणी दाटून येत नव्हत्या, काही नाही. फक्त डबा उघडला की ती मागच्या बाजूला काहीतरी करतेय असं वाटायचं, आणि झाकण लावलं की वाटायचं थांबायचं.

आठव्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भावजी, डबा आठवणीनं आणताय ना? 'तुझा मसाला तयार आहे बघ,' म्हणाली होती मला. आमचा शेवटचा फोन तो. तुम्ही आलात की त्याचीच आमटी करते." मी म्हटलं, "हो हो, आणतोय तर!" डब्यात तेव्हा तीनच चमचे होते. माणसानं तिथं तरी थांबावं. मी थांबलो नाही. निर्लज्जपणाला काही सीमा?

ॲरिझोनात शिरल्यावर एका इंडियन स्टोअरमधून गोड्या मसाल्याचं पाकीट घेतलं. पार्किंगमध्ये बसून कात्रीनं कोपरा कापला, डबा मांडीवर घेतला. टेपवरचं अक्षर वर आलं. 'हात लावू नका.' पाकीट तसंच ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये कोंबलं.

मित्राचं घर गावाबाहेर, अंगणात पुरुषभर उंच निवडुंग. दुपारचे बारा वाजत आले होते. "लेका, किती वाळलास रे!" म्हणून त्यानं मला मिठी मारली. मी लाकडासारखा उभा. आत वहिनींनी गॅसवर डाळ उकळत ठेवली होती. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला आणि वजनावरूनच थबकल्या. झाकण उघडलं.

"मी खाल्ला," मी म्हटलं. "वाटेत. सगळा."

"सगळा?"

"सगळा."

"माझ्यासाठी केला होता हो तिनं." त्यांचे डोळे भरले आणि आवाज चढला. "शोभलं का तुम्हाला हे?"

"नाही," मी म्हटलं. मित्र खिडकीबाहेर बघत राहिला. मला त्यांनी आणखी बोलावं असं वाटत होतं. चार महिने सगळे माझ्याशी इतकं गोड बोलत होते.

 वहिनींनी डब्याच्या बुडावर थाप मारली, काही पडलं नाही. मग त्यात पळीभर गरम पाणी घातलं, डबा गोल फिरवला, कडेच्या खाचेतून बोट फिरवलं, आणि ते तपकिरी पाणी आमटीत ओतलं. परत थोडं पाणी, परत विसळलं, तेही ओतलं. झाकणसुद्धा विसळलं. आपल्याकडच्या बायका काही वाया घालवत नाहीत. टेप मात्र त्यांनी भिजू दिली नाही.

जेवायला बसलो. गरम भात, वर आमटी. मी पहिला घास घेतला आणि सवयीनं, मान वर न करता म्हटलं, "मीठ कमी आहे."

 मी घास तसाच तोंडात धरून थांबलो. आता येईल, आता येईल. मग कळलं मी कशाची वाट बघतोय, आणि भाताचा घास तोंडात असताना मी हंबरडा फोडला. साठी उलटलेला माणूस, दुसऱ्याच्या टेबलावर. मित्रानं पाठीवर हात ठेवला. वहिनींनी मिठाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

मी घेतलं नाही. मीठ बरोबर होतं. तिचंही रोज बरोबरच असायचं.