भाव उतरू द्या

कोणतीही नोट हातात आली की साहेब आधी ती उन्हाकडे धरायचे. एक डोळा बारीक करून खालून वर निरखायचे आणि मगच, घडी न घालता, खिशात ठेवायचे. दहाची असली तरी तेच. आमचा किराणावाला वैतागून म्हणायचा, "साहेब, दहाची खोटी नोट छापाले कोणाले परवडते हो?"

"छापणाऱ्याची अडचण मी कशाला समजून घेऊ?" असं म्हणून साहेब ती उलटी करून पुन्हा धरायचे. मागे रांग लागलेली असायची.

त्यांचं नाव मी सांगत नाही. आमच्या धाड गावात सांगायची गरज नाही आणि धाडच्या बाहेर सांगून उपयोग नाही. ते एका सहकारी बँकेत रोखपाल होते. अख्खी नोकरी गावातल्याच शाखेत काढली. एकदा बढती चालून आली होती, पण सोबत दुसरबीडला बदली होती. "तिकडचं पाणी मला मानवत नाही," असं त्यांनी वर कळवून टाकलं. दुसरबीडचं पाणी ते कधी प्यायले होते, हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. मी इथल्या शाळेत मास्तरीण आणि त्यांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. त्यामुळे हे सगळं मला घरबसल्या कळायचं. कान लावावा लागायचा नाही, साहेबांचा आवाजच तसा खणखणीत होता.

तर अशा या माणसाला गावानं परकीय चलनातला जाणकार ठरवलं होतं. कसं, तर कोणाचा तरी भाचा कुवेतहून आला आणि तिथली एक नोट घेऊन बँकेत गेला. मॅनेजर गोंधळला. साहेबांनी ती नोट खिडकीतल्या उन्हाकडे धरली, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "असली आहे." नकली कशी दिसते हे त्यांना कुठं माहीत होतं? पण इतक्या ठामपणे बोलणारा माणूस आपल्याकडं वाया जात नाही. तुमच्याही गावात असेल बघा असा एखादा. नसेल तर तुम्हीच असाल.

तेव्हापासून गावातून कोणी देशाबाहेर निघालं की आधी साहेबांच्या ओट्यावर. हल्ली निघतातही पुष्कळ. कोणी मक्केला उमऱ्याच्या यात्रेला, कोणी थायलंडला, कोणी लेकीच्या बाळंतपणाला दुबईला. साहेबांचा सल्ला ठरलेला असायचा. पैसे कुठं बदलायचे नाहीत, तेवढं ते सांगायचे.

आमच्या गल्लीतले बांगड्यांचे व्यापारी चाचा उमऱ्याला निघाले, तेव्हा मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

"मुंबईत रियाल घेऊ नका. दलाल असतात," साहेब म्हणाले.

"अच्छा. मंग विमानतळावर घेतो."

"विमानतळावर? अहो, दिवसाढवळ्या दरोडा तो."

"बरं, मंग तिकडं उतरल्यावर."

"तिथं तुमची गरज त्यांना दिसते. गरजवंताला कोणी बरा भाव देतं का?"

चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग काय करू साहेब? बांगड्या घेऊन जाऊ?"

साहेब आत गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. हा डबा म्हणजे आमच्या गावाचा खरा परदेश. जो कोणी बाहेरून परत येई, त्यानं उरलेल्या नोटा आणि नाणी त्या डब्यात टाकायची. पुढं जो त्या मुलखात जाईल, त्यानं त्यातली घेऊन जायची. त्याचा हिशेब नाही, परतीचा तगादा नाही. लग्नकार्यात शेजारची पातेली नेतात, तसा तो कारभार होता.

साहेबांनी चाचांच्या तळहातावर रियालच्या चुरगळलेल्या नोटा ठेवल्या. "उतरल्यावर पहिला चहा यात घ्या," ते म्हणाले. "परक्या जागी पहिल्या चहालाच हात पसरायला लागू नये माणसाला."

हे मात्र ते अगदी हळू बोलले. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

डब्यातला माल नेहमी बरोबर जागी जायचा असं समजू नका. एक नवं जोडपं बालीला निघालं, त्यांना साहेबांनी थायलंडच्या नोटा दिल्या. "तिकडचंच आहे ते," म्हणाले. पोरगा परत आला तो नोटा घेऊन. "साहेब, नाई चालल्या हो तिथं. दुकानदार हासून राह्यला होता."

"चालल्या नाहीत असं नाही," साहेबांनी नोटा पुन्हा डब्यात टाकल्या. "त्याला ओळखता आल्या नाहीत."

आता काकूंचं सांगते. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. बोलायला मवाळ, पण मनात धरलं ते सोडायच्या नाहीत. त्यांना आयुष्यात एकच ठिकाण पाहायचं होतं, नेपाळातली लुंबिनी. आमच्या विहारातलं महिला मंडळ अधूनमधून बस करून निघायचं. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून बायका यायच्या, काही पुढं सीमा ओलांडून लुंबिनीलाही जाऊन यायच्या. काकू दर वेळी पोळ्यांच्या चवडी बांधून द्यायच्या आणि आपण घरी राहायच्या.

"मले जन्मस्थान पाहाचं हाय हो," त्या म्हणायच्या. "नातवाच्या जन्माले पुण्याले नाई नेलं तुमी. इथं तरी न्या."

"दोघं मिळून जाऊ," साहेब म्हणायचे. "फक्त भाव उतरू द्या."

नेपाळी रुपयाचा भाव! साहेब रोज सकाळी पेपर उघडून डॉलरचा आकडा बघायचे आणि मान हलवायचे. अमेरिकेत व्याज वाढलं की आमची लुंबिनी लांब जायची. अरबस्तानात तेल महाग झालं की आणखी लांब. काकू तिकडं भाकरी थापत विचारायच्या, "काय म्हणते आज?" आणि ओट्यावरून उत्तर जायचं, "चढलाय. मुहूर्त नाही."

एकदा चुकून डॉलर घसरला. मीच पेपर घेऊन धावत गेले. साहेबांनी चष्मा पुसला, बातमी वाचली आणि म्हणाले, "पडता भाव आहे. पडत्या भावात घाई करायची नसते. सोयाबीन कोणी पडत्या भावात विकतं का?"

"अहो, आपल्याले विकाचं नाई," आतून काकू म्हणाल्या, "घ्याचं हाय."

आमच्याकडं भाव येईल म्हणून सोयाबीनची पोती घरात रचून ठेवायची रीतच आहे. या बाबानं सहल रचून ठेवली होती. पोत्याला निदान उंदीर लागतो म्हणून तरी माणूस कधीतरी बाहेर काढतो.

शेवटी एका वर्षी काकूंनीच काढली. मंडळाच्या बैठकीतून आल्या आणि पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "नाव देऊन आली मी. माह्यं बी अन् तुमचं बी." साहेबांनी पेपर उघडला, मिटला. भाव काय आहे ते त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही.

मीही त्यांच्यासोबत निघाले. बसमध्ये पहिल्या दिवशी साहेब फार्मात होते. कोणी मोठ्या नोटा घेऊन जायच्या नाहीत, पलीकडं चालत नाहीत, शंभराच्या घ्या, हे त्यांनी माईक असल्यासारखं सगळ्यांना सांगितलं. आणि एवढं एक खरंच बरोबर होतं. पण जसजशी बस लांब गेली, तसतसा आवाज बसत गेला. त्यांची बँकेतली शुद्ध भाषा गळायला लागली. "कुठं आलो आपण?" च्या जागी "कुठं आलो बे आपुन?" आलं. उत्तर प्रदेशात एका ढाब्यावर त्यांनी सुटे घेतले आणि सवयीनं नोट उन्हाकडे धरली. मागून गल्ल्यावरचा माणूस खेकसला, "ऐ बाबा, आगे बढ़ो! धंदा करने दो."

साहेबांनी वळून आमच्याकडं पाहिलं. कोणी ऐकलं का, असं. आम्ही सगळ्या बायका एकदम चहाच्या ग्लासात बघायला लागलो. त्यांनी नोटेची घडी घातली, बारीक बारीक करत गेले आणि मुठीत धरून बसमध्ये जाऊन बसले. त्यांना नोटेची घडी घालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सीमेवर आमची बस अलीकडंच थांबली. पलीकडं जायला तिथलीच गाडी करायची होती. समोर कमान दिसत होती, माणसं पायी येत-जात होती, सायकलवर भाजी घेऊन बाया पलीकडं चालल्या होत्या. परदेश म्हणजे एवढाच! काकूंनी नवं पांढरं लुगडं नेसलं होतं. आणि साहेब बसच्या सावलीत उभे राहून म्हणाले, "आज भाव चढलेला दिसतो. परतीच्या वेळी पाहू."

"परत तर घरी जायचं, साहेब," मी म्हणाले. माझं डोकं सणकलं होतं, खोटं कशाला बोलू.

काकू माझा हात धरून पैसे बदलणाऱ्याच्या टपरीपाशी गेल्या. तिथं एक म्हातारा गृहस्थ पंखा हलवत बसला होता.

"भैया, आज क्या भाव है?" काकूंनी विचारलं.

"सौ का एक सौ साठ, माताजी."

"और कल?"

"कल भी यही."

"मतलब, पहले कितना था?"

तो हसला. "माताजी, यह बदलता ही नहीं। हमारे बाल सफेद हो गए, यही भाव है। और आप बदलती काहे को हैं? सौ का नोट तो उधर सब ले लेते हैं।"

मी काकूंकडं पाहायची हिंमत केली नाही. एवढी वर्षं अमेरिकेचं व्याज, अरबस्तानचं तेल, आणि हा भाव बापडा जागचा हललाही नव्हता! साहेबांना हे माहीत नसेल? रोखपाल होते हो ते. मला वाटलं, आता भर रस्त्यात स्फोट होणार, आणि खरं सांगते, व्हावा असंच मला वाटत होतं.

काकू बसपाशी परत आल्या. साहेब तिथंच उभे होते, हातात कोणाची तरी पिशवी धरून, कपाळावर घाम.

"काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"चढला हाय," काकू म्हणाल्या. "तुमी म्हणता तेच. पण बायका थांबून राह्यल्या. मी जाऊन येते. तुमी सामान पाहा."

"हाव. सामानाजवळ पाहिजेच ना कोणी," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मलाच त्यांच्याकडं बघवेना. मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत नेपाळी नोटा होत्या. नीट सरळ केलेल्या, एकही घडी नसलेल्या. नेपाळहून कोणी परत आलं की त्यातल्या चांगल्या चांगल्या ते डब्यातून बाजूला काढून ठेवत होते. कधीपासून, कोण जाणे.

"घे. रांगेत उभी राहू नको," ते म्हणाले. "पहिला चहा यातच घेजो."

कमानीखालून गेल्यावर मी मागं वळून पाहिलं. सामानाच्या ढिगाऱ्याजवळ साहेब उभे होते, डोळ्यांवर हात आडवा धरून आमच्याकडं बघत. धाडमध्ये रस्त्यानं जाताना ज्यांना पाच माणसं नमस्कार करायची, त्यांना तिथं एक रिक्षावाला "हटो बाबा" म्हणून गेला.

लुंबिनीत काकू त्या जागेसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. वंदना झाली, आम्ही बाकीच्या निघालो, तरी हलल्या नाहीत. डोळे भरले होते. मग बाहेर येऊन त्यांनी त्या नोटांतून चहा घेतला. दोन चहा मागवले. एक प्यायल्या, एक माझ्यापुढं सरकवला.

संध्याकाळी बसपाशी आलो तर साहेब एकेका पिशवीवर हात ठेवून बसलेले. पहिला प्रश्न तोच. "काय भाव भेटला?"

"आम्ही गेलो अन् उतरला हो," काकू म्हणाल्या. "थांबलो ते बरंच झालं. तुमचंच खरं निघालं."

साहेब खुलले. बसमध्ये बसता बसता त्यांची शुद्ध भाषा परत आली. धाडला आल्यावर महिनाभर ओट्यावर तीच कथा: वाट कशी बघावी, भाव कसा ओळखावा. ऐकणारेही माना डोलवत होते. मी भिंतीपलीकडं भांडी जरा जोरात आपटायचे, एवढंच.

साहेब गेल्या उन्हाळ्यात गेले. गावातच, आपल्या खाटेवर, दुपारची झोप लागली ती लागलीच. डबा काकूंकडं आहे. लोक अजून येतात.

परवा जानेफळहून माझी धाकटी बहीण आली. नेपाळला जायचं म्हणत होती, म्हणून तिला काकूंकडं घेऊन गेले. काकूंनी डबा काढला, नेपाळी नोटा वेगळ्या केल्या, मांडीवर ठेवून हातानं सरळ केल्या.

बहीण म्हणाली, "काकू, आमचे हे म्हणतात जरा थांबू. सध्या भाव चढला असेल."

काकूंचा हात थांबला.

"थांबू नको माय," त्या म्हणाल्या. "अन् एकटी जाऊ नको. नाई म्हणतीन ते. परक्या मुलखाले भेतीन. हात धर अन् घेऊन जा. चार पावलंच असतात ते." त्यांनी नोटा बहिणीच्या हातात दिल्या आणि डब्याचं झाकण लावायला घेतलं, पण ते बसेना. "म्या नाई धरला हात. सामानाजवळ सोडून गेली मी त्याइले."