सुरेखाच्या गॅपचा इंटरव्ह्यू

"गॅप झाकायचा कसा, तेवढं सांग," सर मला म्हणले.

बीडला आमचं परदेशी ॲडमिशनचं ऑफिस हाय. सर मालक, मी काउन्सेलर. समोर बसलेली सुरेखा नेकनूरकडची. तिला ऑस्ट्रेलियात पाणी-व्यवस्थापन शिकायचं होतं. मार्क भारी, स्कॉलरशिपबी मिळालेली. फक्त डिग्रीनंतरचं एक वर्ष कॉलेजबाहेर गेलतं. त्यालाच गॅप म्हणतात.

आधी गॅपचं कुणी विचारायचं न्हाई, तिकडच्या युनिव्हर्सिट्यांनाच बाहेरची पोरं पायजे होती. मग पोरं इतकी वाढली की तिकडं राहायला घरं पुरंनात. तिथल्या सरकारनं आकडा आवळला. आता युनिव्हर्सिटी व्हिडिओवर इंटरव्ह्यू घेती. पोरगं शिकायला येतंय का नुसतं कामाला? तिथं पडलं की सीट गेली!

"त्या वर्षी काय केलं ग?" सरांनी विचारलं.

"ऊस तोडला. दुष्काळ होता. आई आजारी पडली, मग वडलांच्या जोडीला मी गेलते."

"हे सांगितलं तर म्हणतील, मजुरीलाच आलीय. कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट लावू. मेव्हण्याचाच क्लास हाय."

सुरेखा उठून उभी राहिली. "सर, ऊस तोडलाय, चोरी न्हाई केली. क्लासमधी काय शिकले विचारल्यावर काय सांगू? मेव्हणे लई चांगले हायेत?"

मला हसू फुटलं. सर पेटले. "हसतो कावून बे? रिजेक्ट झाली तर तुझ्यावर!"

"माझ्यावर तर माझ्यावर," म्हणलो आन् फाईलमधी खरं तेच टाईप केलं.

इंटरव्ह्यू आमच्याच केबिनमधी झाला. व्हिडिओवर युनिव्हर्सिटीच्या मॅडमनी पहिलं गॅपचंच विचारलं. सुरेखा इंग्रजीत अडखळली, पण थांबली न्हाई. "आमच्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. काम जोडीलाच मिळतं, म्हणून मी आईच्या जागी गेले."

"दुष्काळात ऊस कुठून आला?" मॅडमचा सवाल.

"आमच्याकडं न्हाईच आला. आमचा सहकारी कारखाना बंद होता. आमी कॅनॉलच्या भागात गेलतो. आमच्या गावात टँकर, तिथं ऊस पाण्यात डुंबतोय. हे असं कावून, तेच शिकायचंय मला."

मॅडमनी पेन खाली ठेवला आन् अर्धा तास पाण्यावरच बोलत बसल्या.

ॲडमिशन झालं. व्हिसाबी आला. सर लगेच फ्लेक्सला फोटो मागायला लागले. सुरेखा म्हणली, "नावाखाली ऊसतोड कामगार टाका, न्हाईतर फोटो न्हाई." टाकलं त्यांनी!

मी एवढंच शिकलो. आता गॅपवालं कुणी आलं की आधी खरं काय ते विचारतो आन् लगेच टाईप करून टाकतो. सर चहा पिऊन यायच्या आत.