कोरा रकाना

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मोबाईलवर विमलताईंचं नाव उमटलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला, बाईनं पुन्हा काहीतरी पकडलेलं दिसतं. मी फोन उचलला नाही. आंघोळ केली, चहा घेतला, मनातल्या मनात दोन-तीन उत्तरं तयार ठेवली आणि मग लावला. पलीकडे त्यांची सून होती. "भाऊ, आई गेल्या... पहाटे." त्याला आता सहा आठवडे झाले. मी उत्तरं तयार करत बसलो होतो, याची लाज अजून जात नाही.

विमलताई बाभुळगावच्या बौद्ध घरातल्या. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः पाहायचं, हे वडिलांनी लहानपणीच शिकवलं, असं त्या सांगायच्या. माझ्या मते त्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. भेंडी मोडून पाहिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ रोज स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहायच्या आणि दोन्ही जुळली तरी चेहऱ्यावर समाधान नसायचं.

कपाशीच्या त्या पडत्या वर्षांत यवतमाळची आमची छोटी संस्था गावोगावी मादीच्या वासाच्या गोळीनं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावायची. सापळ्यात किती पतंग अडकले ते दर आठवड्याला मोजायचं आणि पतंग वाढले की बोंडअळी येणार, असा इशारा गावाला द्यायचा. कोणी कुठल्या गावी जायचं ते कामांच्या सॉफ्टवेअरमध्ये असायचं, मोजणीचे आकडे डेटाबेसमध्ये. या दोघांना जोडलं मी. शेतावरच्या माणसानं मोबाईलवर फॉर्म भरला की आकडा आपोआप डेटाबेसमध्ये जायचा, त्याच्या कामापुढे हिरवी खूण उमटायची आणि गावाला मेसेज जायचा. मधे कोणाचा हात लागत नव्हता, आणि मला त्याचाच फार अभिमान होता.

ताईंनी चष्मा सावरून पडदा पाहिला. "हे हिरवं झालं म्हंजे मानूस वावरात गेलता?"

"हो, ताई."

"मले नाही पटून राह्यलं."

तोवर सगळ्यांना फोन करून आकडे घेण्याचं काम त्यांचं होतं. टेबलाच्या काचेखाली सगळ्यांचे नंबर लिहिलेला कागद होता. वावरात गेलता का, असं त्या कधी विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "पऱ्हाटी केवढी झाली?" जो गेला असेल तो कपाशी कमरेइतकी, छातीइतकी असं पटकन सांगायचा, न गेलेला अडखळायचा. मला वाटलं, खुर्ची जाणार म्हणून बाई खोडा घालतेय. मी तसं दोघा-तिघांजवळ बोललोही.

मग फुलसावंगीचे आकडे सलग तीन आठवडे शून्य आले. आजूबाजूच्या गावांत पतंग वाढत होते आणि तिथे शून्य. तिथलं काम गजानन नावाचा माणूस बघायचा. मी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, हा घरी बसून शून्य भरतो. शहानिशा केली नाही. माणूस आपल्याला बरोबर ओळखता येतो, अशी तेव्हा ऐट होती. साहेबांनी गजाननला कामावरून काढलं. गावात व्हायचं ते झालं. लोक त्याच्या आईला तोंडावर विचारू लागले, पोरगा खोटं लिहून पगार घ्यायचा का म्हणून.

ताईंनी सुट्टी टाकली आणि एसटीनं फुलसावंगी गाठलं. दुसऱ्या दिवशी आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी. पिशवीतून दोन बोंडं काढली आणि माझ्यासमोर फोडली. आत गुलाबी अळी वळवळत होती. मग मोबाईलमधला फोटो दाखवला. गजाननच्या फॉर्मचा होता. पतंगांचा रकाना कोरा, आणि खाली शेऱ्यात लिहिलेलं, सापळ्यातली गंधाची गोळी संपली, पतंग येत नाही, नवी पाठवा. तीनही आठवडे तेच. माझी जोडणी फक्त आकडा उचलायची. कोरा रकाना दिसला की ती शून्य लिहायची, आणि शेरा कोणी वाचतच नव्हतं. गावाला तीनदा मेसेज गेला होता, पतंग नाहीत, काळजी नसावी.

"सायबाले तुमीच सांगा," ताई म्हणाल्या.

"उद्या सांगतो."

जोडणी मी त्याच दुपारी दुरुस्त केली. साहेबांना म्हणालो, किरकोळ सुधारणा केली. ताईंनी एकच मागणी केली. शून्य किंवा कोरी नोंद आली की ती तिथेच थांबली पाहिजे, त्यांनी फोन करून हो म्हटल्याशिवाय पुढे जाता कामा नये. मी मुकाट्यानं तशी पायरी टाकली. एवढ्यावर भागलं, म्हणून हायसं वाटलं... खरं सांगतो.

"सांगितलं का?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं आणि तेव्हापासून मी धास्तावलो. बाई हे राखून ठेवतेय, कधीतरी नेमक्या वेळी काढणार. त्या हसल्या तरी मला शंका, गप्प बसल्या तरी शंका. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण त्यांनी दिलेली तिळाची वडीसुद्धा मी कधी निवांतपणे खाल्ली नाही.

ताई गेल्यावर त्यांच्या घरच्यांना भेटायला बाभुळगावला गेलो तर ओसरीत गजानन बसलेला. आता घरची शेती करतो. मला ओळखून त्यानं जागा करून दिली. म्हणाला, "ताई तवा घरी आलती. मायसमोर म्हने, तुहा पोरगा खोटा नाही. चूक कोनाची, ते काही सांगे ना. म्हने, ज्याची हाय तो सांगन." मी पाणी प्यायलो आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो.

म्हणजे राखून वगैरे काही ठेवलं नव्हतं. कशावरच विश्वास न ठेवणारी ही बाई, मी एक दिवस सांगेन एवढ्यावर मात्र विश्वास ठेवून बसली होती. मला ते अजून नीट खरं वाटत नाही. हे मी लिहितोय तेही तिच्यासाठी की स्वतः सुटावं म्हणून, याचीही मला खात्री नाही.

नोंदी थांबवणाऱ्या त्या पायरीवर अजून त्यांचंच नाव आहे. बदलायला मिनिट लागणार नाही, पण हात जात नाही. कोऱ्या नोंदी येतात, त्यांच्या नावापाशी थांबतात आणि मी त्यांच्या खुर्चीत बसून एकेकाला फोन करतो. काल काचेखालचा कागद पाहता पाहता गजाननचा नंबर दिसला. ताईंनी तो खोडला नव्हता. मी लावला. त्यानं उचलला आणि माझ्या तोंडातून निघालं, "पऱ्हाटी केवढी झाली?"

"असं त ताई इचारे. कोन बोलून राह्यलं?"

मी माझं नाव सांगितलं. आणि मग, ते शून्य कोणाचं होतं तेही.