शुगरचं कुठे बोलायचं नाही

मुलुंडच्या आमच्या घरात फ्रिजच्या दारात पाण्याच्या सहा बाटल्या असतात आणि त्या सगळ्या मुळात कोल्ड्रिंकच्या. लेबलं सोललेली, झाकणं लाल, हिरवी, एक निळं. आई रिकामी बाटली फेकू देत नाही, त्यामुळे माझं कोल्ड्रिंक पिणं घरात कधी लपलं नाही. नवी बाटली दिसली की ती एवढंच म्हणायची, "सातवी आली वाटतं."

अंधेरीच्या ऑफिसात मात्र मोजणारं कोणी नव्हतं. पँट्रीतला फ्रिज भरलेला असायचा, हवा तो कॅन उचलायचा. मी तिथे गोडासाठी जात होते असं मला वाटत नाही. चार लोकांत उभं राहिलं की हात कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. गार कॅन धरला की तो प्रश्न सुटायचा, आणि कोणी काही विचारलं तर एक घोट घेईपर्यंत उत्तर जुळवायला वेळ मिळायचा. दिवसाला दोन कॅन, मीटिंग असली तर तीन. चार वर्षं अशीच गेली.

मग ऑफिसच्या तपासणीचा रिपोर्ट आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "डायबेटिस नाहीये अजून," ते म्हणाले, "पण बॉर्डरवर आहेस. कोल्ड्रिंक आजपासून बंद. बाकीचं हळूहळू करू." बाबा शेजारी बसले होते. दोन वर्षांपूर्वी नव्या चपलेने त्यांच्या पायाला जखम झाली होती, ती भरायला पाच महिने लागले. ते ड्रेसिंग मी रोज बघितलं होतं. बाबांनी पाय खुर्चीखाली घेतले.

घरी आल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, "शुगरचं कुठे बोलायचं नाही."

माझ्यासाठी तेव्हा स्थळं बघणं चालू होतं.

पहिला आठवडा डोकं ठणकत राहिलं. पँट्रीत मी स्टीलची बाटली घेऊन जाऊ लागले, पण झाकण लावलेल्या बाटलीमागे कॅनसारखं लपता येत नाही. सकाळी आई मेथीचं पाणी समोर धरायची आणि मी ते संपवेपर्यंत हलायची नाही. जेवणानंतर आम्ही दोघी कंपाऊंडमध्ये फेऱ्या मारायचो, पार्क केलेल्या गाड्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "काय, बारीक व्हायचंय वाटतं?" माझ्याआधी आई उत्तर द्यायची, "हो ना, आजकालच्या मुली." मी मान हलवायचे. दहावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकले, घरी मराठी बोलले, आणि 'नाही' म्हणायला दोन्हीकडे शिकायचं राहून गेलं.

तरी सहा महिन्यांनी रिपोर्टमधला शुगरचा आकडा खाली आला. थोडाच, पण आला. शाळा, कॉलेज, नोकरी, सगळं कोणीतरी सांगितलं म्हणून केलं होतं. हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण पँट्रीतल्या फ्रिजसमोरून रोज रिकाम्या हाताने परत येताना सोबत कोणी नव्हतं. तेवढं माझं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी बोरिवलीचं स्थळ आलं. पोह्यांचा कार्यक्रम आमच्याकडे झाला. मुलाला आणि मला दहा मिनिटं बाल्कनीत पाठवलं. त्यालाही हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं. त्याने ते खिशात घातले, मग काढले, मग कठड्यावर ठेवले. मला तो आवडला. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. मुलाच्या आईने ट्रे आणला. काळं, फसफसणारं कोल्ड्रिंक, उंच ग्लास, बर्फ. मी म्हणाले, "मला पाणी चालेल." आवाज इतका बारीक होता की मलाच जेमतेम ऐकू आला.

"अगं घे गं. डाएट वगैरे करतेस की काय?"

मी आईकडे बघितलं. आठ महिने ज्या बाईने मला लिंबूपाण्यात साखर घालू दिली नव्हती, ती माझ्याकडे डोळे रोखून बघत होती, आणि ते डोळे सांगत होते, पी.

"नाही हो," आई म्हणाली, "लाजते जरा."

मी ग्लास उचलला. घाबरले की मी भरभर पिते, ती जुनीच सवय. दात बधिर झाले आणि ग्लास रिकामा झाला.

"आवडतं वाटतं हिला," मुलाची आई हसली आणि तिने तो परत भरला.

"लहानपणापासून," माझी आई म्हणाली.

परत येताना टॅक्सीत आई म्हणाली, "एका ग्लासाने काय होतंय?"

"दोन होते."

"हळू बोल." तिने ड्रायव्हरच्या पाठीकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

दोन दिवसांनी होकार आला. आईने फोन स्पीकरवर टाकला होता. "आम्हाला पसंत आहे," मुलाच्या आईचा आवाज आला. "आणि तिला सांगा, तिच्यासाठी फ्रिजमध्ये बाटली ठेवणार आहे मी, कायम." आई हसली. मीही हसले असेन. मला ते घर दिसलं, तो फ्रिज, आणि त्यात माझ्यासाठी मायेने आणून ठेवलेली बाटली. कोणी वाईट नव्हतं. म्हणूनच बाहेर पडायला वाट दिसत नव्हती.

त्या संध्याकाळी मी बाथरूममध्ये जाऊन मुलाला मेसेज लिहिला. घरात कडी लागणारी ती एकच खोली. मला बॉर्डरलाइन शुगर आहे. मी कोल्ड्रिंक सोडलंय. त्या दिवशी प्यायला नको होतं. तुला माहीत असावं म्हणून सांगतेय.

उत्तर लगेच आलं. "अरे ठीक आहे ना, काही टेन्शन नाही. फक्त आईला एवढ्यात नको सांगूस. मी बघतो कधीतरी."

मी ते चार वेळा वाचलं. त्याने समजून घेतलं होतं, आणि माझी आई म्हणाली तेच म्हणाला होता. बाहेरून आईने दार वाजवलं, "झोपलीस का आत?"

पुढच्या रविवारी बोलणी करायला ते आमच्याकडे येणार होते. त्या सकाळी आईने स्वतः दुकानातून दोन लिटरची बाटली आणली. आठ महिन्यांतली पहिली. पाहुणे आले, बसले, आईने सहा ग्लास भरले आणि ट्रे मला देऊन ती बाहेर गेली. मी स्वयंपाकघरात एकटी होते. एक ग्लास मी बेसिनमध्ये ओतला, विसळला आणि पाण्याने भरला. धाडस वगैरे काही वाटलं नाही. ट्रेवर थोडं सांडलं.

मुलाच्या आईने लगेच बघितलं. "तुझं कुठाय? पाणी काय घेतलंस?"

"मी घेत नाही. मला शुगर आहे. म्हणजे बॉर्डरवर. आठ महिने झाले सोडून."

मुलगा आपल्या ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिला.

"तसं काही नाही हो," आई म्हणाली, "ते डॉक्टर उगाच घाबरवतात."

"आहे," बाबा म्हणाले. "माझ्याकडून आलंय तिला."

मुलाच्या आईने मला विचारलं, "मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

उत्तर होतं माझ्याकडे. पण ते दिलं असतं तर त्यात आई आली असती, आणि आई तिथेच बसली होती. मी म्हणाले, "सांगायला हवं होतं." मग बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटवर बोलणं गेलं, बोरिवलीत पाणी कधी येतं त्यावर गेलं. तारखांचा विषय निघाला नाही. निघताना ते म्हणाले, "कळवतो."

आज चौथा दिवस. फोन आलेला नाही. मुलाचाही मेसेज नाही. आई माझ्याशी बोलत नाही, पण सकाळी मेथीचं पाणी ओट्यावर झाकून ठेवलेलं असतं आणि मी ते पिते. रविवारची बाटली फ्रिजच्या दारात अर्धी तशीच आहे, गॅस गेलेली. फ्रिज उघडला की तीच समोर येते. आज संध्याकाळी ती काढून मी बेसिनपाशी उभी राहिले.

"हे ओतून टाकू?"

आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

"टाक," ती म्हणाली. "बाटली फेकू नकोस."